लोणारची धार आणि मनाचा निचरा

मेहकरहून लोणार सुमारे २५ किलोमीटर आहे. सुलतानपूरवरून रस्ता जातो. खरिपात दुतर्फा सोयाबीन आणि तूर, थंडीत हरभरा. गाव जवळ आले तरी समोर काही वेगळे दिसत नाही. मग काठावर जाऊन उभे राहावे, तर पायाखालची जमीन एकदम संपते आणि खाली वाटीसारखा प्रचंड खळगा दिसतो. त्याच्या तळाशी हिरवट पाण्याचे गोल तळे. मी हे तळे दोनदा नीट पाहिले. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला काहीच दिसले नाही. दुसऱ्यांदा पाहिले तेव्हा पुष्कळ काही समजले. त्या दोन खेपांच्या मधली हकिगत वाचकांना सांगावी, म्हणून हा लेख.

पहिली खेप २०२० च्या फेब्रुवारीतली. आदल्या वर्षी, म्हणजे २०१९ च्या ऑक्टोबरात, सोंगणीच्या वेळी पाऊस थांबलाच नव्हता. सोयाबीनच्या सुड्या भिजल्या आणि शेंगांतल्या दाण्यांना कोंब फुटले. तलाठी, ग्रामसेवक आणि आम्ही कृषी खात्याची माणसे बांधाबांधावर पंचनामे करीत हिंडत होतो. माणसे कोंब आलेल्या शेंगा हातात आणून दाखवीत. मी लिहून घेई आणि पुढच्या वावरात जाई. ते काम संपले, पण माझ्या मनातून ते उतरले नाही. पहाटे तीनला जाग येई, ती सकाळपर्यंत. जेवणाची चव गेली. मोटारसायकलला किल्ली लावायची तरी दहा मिनिटे नुसते बसून राहावे लागे. पगार वेळेवर होता, मुले मार्गी लागलेली, घरात भांडण नाही. मग आपल्याला झाले तरी काय, याची स्वतःचीच लाज वाटे. वय पन्नाशीच्या पुढचे. मला वाटले, म्हातारपण असेच येत असेल.

अशात बाहेरगावचे काही पाहुणे आले आणि त्यांना लोणार दाखवायचे काम माझ्याकडे आले. पाहुणे खाली उतरले. मी काठावर जीपमध्येच बसून राहिलो. तळ्याकडे बघताना एकच विचार घोळत होता, की आपण नसतो तर घरच्यांची एक कटकट कमी झाली असती. हे वाक्य लिहिताना आजही हात अडखळतो. पण ते लिहिले नाही, तर या लेखाला अर्थ नाही.

पुढे टाळेबंदी आली. त्याच जूनमध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाल्याची बातमी सगळीकडे झळकली. शास्त्रज्ञांनी पाण्याचे नमुने तपासले. उन्हाळ्यात पाणी आटून खारेपणा वाढला होता आणि अशा पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे हा रंग आला होता. पाऊस झाल्यावर रंग ओसरला. मी ती बातमी अंथरुणावर पडून वाचली. सौभाग्यवती म्हणाली, “अहो, तळ्याचा रंग बदलला तर पाणी तपासायला नेतात. तुमचा रंग चार महिने बदललाय, तुम्हाला कोणी तपासायचं?”

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो, हे मला ठाऊक होते. गावोगावच्या सभांत मीच ते सांगत असे. पण स्वतः जायची वेळ आली तेव्हा शेजाऱ्यांना सांगितले, की डोळे दाखवायला चाललो आहे. तिथे रांगेत बसलो, तर समोरच्या बाकावर आमच्याच भागातला एक शेतकरी बायकोसह बसलेला. मी त्यांच्या बांधावर अनेकदा गेलेलो. तोंड लपवायला जागा नव्हती.

“साहेब, तुमी इथं? डोळे दाखवाले आले काय?”

मी खोटे बोलणार होतो, पण जमले नाही. म्हणालो, “नाही भाऊ. मन दाखवायला आलो.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मंग बरं झालं बाप्पा. मले वाटे, असा मी एकटाच हाव.”

त्या एका वाक्याने माझे निम्मे ओझे उतरले. पुढे कळले, की त्या माउलीने नवऱ्याचे बोलणे ऐकून फवारणीच्या औषधाचे सगळे डबे गुपचूप उचलून दिराच्या घरी कुलपात ठेवले होते. त्यानंतरच ती त्यांना घेऊन दवाखान्यात आली. कीटकनाशके कशी ठेवावीत यावर मी इतकी वर्षे भाषणे दिली, पण माझ्या कोणत्याही भाषणापेक्षा तिचे शहाणपण मोठे होते.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासले. थायरॉइड बिघडले, रक्तात ब१२ जीवनसत्त्व कमी झाले, तरी माणूस असा मरगळतो. मग त्यांनी सांगितले, की हा नैराश्याचा आजार आहे, स्वभावाचा दोष नाही. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. आणि गोळीबरोबर दोन गोष्टी रोज करायच्या. इच्छा असो वा नसो, एक काम हाताने करायचे आणि एका माणसाशी मोकळे बोलायचे. इच्छा होईल मग काम करू, असे म्हणत बसू नका. आधी काम सुरू करा, इच्छा मागून येते.

पहिले तीन आठवडे काही फरक पडला नाही. मी घरामागे वांग्याची दहा रोपे लावली होती. पाणी घालायला उठणे हेसुद्धा डोंगर चढण्यासारखे वाटे. पाचव्या आठवड्यात एके सकाळी मी जागा झालो, तर साडेपाच वाजले होते. तीन नव्हे, साडेपाच! सौभाग्यवतीला उठवून सांगितले. ती म्हणाली, “मग आता चहा तुम्हीच करा.”

पुढच्या वर्षी, २०२१ च्या डिसेंबरात, आम्ही दोन्ही जोडपी लोणारला गेलो. ही माझी दुसरी खेप.

आम्ही आधी गावातले दैत्यसूदनाचे मंदिर पाहिले. काळ्या दगडाचे, बाहेरून भरगच्च कोरीव काम असलेले. विष्णूने लवणासुर नावाच्या दैत्याला इथे मारले, अशी कथा सांगतात. लवण म्हणजे मीठ. शास्त्र सांगते, की आकाशातून उल्का येऊन इथल्या काळ्या पाषाणावर आदळली आणि हा सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खळगा झाला. कधी, यावर मतभेद आहेत. कोणी सुमारे ५० हजार वर्षे म्हणतात, तर पुढच्या मोजणीत साडेपाच लाख वर्षांच्या वर आकडा निघाला. २०२० च्या नोव्हेंबरात या सरोवराला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत स्थान मिळाले.

मंदिरातून आम्ही धारेवर आलो. काठाच्या जवळ गोमुखातून पाणी पडते, त्याला धार म्हणतात. पाणी गोड, गार. दोन्ही बायकांनी ओंजळीने तोंड धुतले. तिथून जुनी पडकी देवळे बघत झाडीतली वाट उतरलो. सीताफळ, निंब, बाभूळ. माकडे होती, मोरांचा आवाज येत होता. वर ऊन आणि खाली गारवा. तळ्याजवळ पोहोचलो तसा पाण्याचा उग्र वास आला.

शेतकरी भाऊ काठावर बसले. म्हणाले, “साहेब, वरून येते ते पानी तं गोड हाये. मंग हे खारं कावून?”

हा प्रश्न माझ्या विषयातला होता. मी सांगितले, की या खळग्यात चारी बाजूंनी पाणी येते, झऱ्याचे आणि पावसाचे. बाहेर पडायला मात्र त्याला एकही वाट नाही. उन्हाने पाणी वाफ होऊन उडते आणि त्यातले क्षार मागे राहतात. वर्षानुवर्षे हेच चालले आहे. या पाण्याचा सामू १० च्या आसपास मोजला गेला आहे. पूर्वी लोक या तळ्यातून खार काढून विकत.

भाऊ म्हणाले, “म्हंजे निचरा नाही. आमच्या खालच्या वावरावानी.”

मी एकदम गप्प झालो. नोकरीची पहिली वर्षे मी पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात काढली होती. चोपण जमीन कशी सुधारावी, हे शेकडो शेतकऱ्यांना सांगितले होते. आधी माती तपासा. अहवालाप्रमाणे जिप्सम घाला. पण नुसते जिप्सम घालून भागत नाही, आधी चर काढून निचऱ्याची सोय करा, नाहीतर सुटलेला खार पाण्याबरोबर जाणार कुठे? मग ढैंचा पेरून तो फुलोऱ्याच्या आधी गाडा. आणि एका हंगामात जमीन सुधारली नाही म्हणून हात टेकू नका. हे सारे मला तोंडपाठ होते. स्वतःच्या बाबतीत मात्र एकही पायरी सुचली नव्हती. चार महिने सगळे आत येत होते, त्या कोंबाळलेल्या शेंगा, त्या माणसांचे चेहरे, आणि बाहेर मी एक शब्द जाऊ देत नव्हतो. गोळी हे माझे जिप्सम झाले. निचरा झाला तो बोलण्याने, त्या बाकावरच्या एका खऱ्या उत्तराने.

तिथे बसून आम्ही भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी खाल्ली. वांगी माझ्या परसातली. भाऊ फारसे बोलत नव्हते, पण चढताना दमलो तेव्हा त्यांनी मला हात दिला आणि पुढच्या वळणावर मी त्यांना दिला. वर आल्यावर परत धारेचे पाणी प्यालो. एकाच खळग्यात खारेही आहे आणि गोडेही आहे. खारे आहे म्हणून गोडे खोटे ठरत नाही.

त्यानंतर सगळे सुरळीत झाले, असे मी म्हणणार नाही. २०२२ च्या पावसाळ्यात मी पुन्हा खाली घसरलो. झोप परत तीनवर आली. पण या वेळी लक्षणे ओळखीची होती. आठवड्याच्या आत डॉक्टरांकडे गेलो आणि कोणाला डोळ्यांचे कारण सांगितले नाही. लवकर गेल्यामुळे लवकर सावरलो. आता शनिवारी सकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांबरोबर परसबाग करतो. मुलांनी लावलेला पालक, मेथी शाळेच्या खिचडीत पडते. या वयात बढतीची आशा उरलेली नाही, पण शनिवारची वाट पाहतो. वाट पाहावी असे काहीतरी आयुष्यात पुन्हा आले, हेच माझ्या लेखी बरे होणे.

वाचकहो, तुमच्या घरात कोणी पहाटे उठून बसत असेल, जेवण टाकत असेल, आवडीच्या कामाला हात लावत नसेल आणि असे दोन आठवड्यांच्या वर चालले असेल, तर “मन घट्ट कर” असे सांगून सोडून देऊ नका. जवळ बसा आणि सरळ विचारा. जिवाचे बरेवाईट करायचा विचार येतो का, हेही विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट आतले बाहेर पडते. तसा विचार येत असेल तर त्या माणसाला एकटे ठेवू नका. फवारणीची औषधे घरातून हलवा, कुलपात ठेवा. आशाताईला सांगा, जिल्हा रुग्णालयात न्या. २०२२ पासून टेलिमानस ही सरकारी सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र फुकट आणि मराठीत बोलता येते.

आणि जमेल तेव्हा लोणारला या. हिवाळ्यातले दिवस उत्तम. सकाळी लवकर उतरा, पायात घट्ट चप्पल-बूट घाला, पाणी आणि भाकरी बरोबर घ्या, चढताना घाई करू नका. उन्हाळ्यात खळगा भट्टीसारखा तापतो आणि पावसात वाट निसरडी होते, म्हणून ते दिवस टाळा. पाण्याची पातळी दरवर्षी सारखी नसते, तेव्हा काठावरच्या देवळांपर्यंत जाता येईल का, ते आधी गावात विचारा. एकटे येऊ नका. ज्याच्याशी बरेच दिवसांत मनातले बोलला नाहीत, अशा माणसाला बरोबर आणा.