महाविमानाचें उत्तरायुष्य

वस्तूची खरी योग्यता तिच्या उत्तरायुष्यांत कळते, असें आम्हांला पुष्कळदां वाटतें. पैठणी जीर्ण झाली म्हणजे तिचे काठ नातीच्या परकराला लागतात. वाडा पडला तरी त्याच्या सागवानी तुळया दुसऱ्या घराच्या चौकटी होऊन उभ्या राहतात. हाच न्याय आकाशांतील वाहनांनाही लागू आहे. आणि म्हणूनच ‘जंबो जेट’ या नांवानें घरोघर परिचित झालेल्या बोइंग ७४७ विमानाच्या म्हातारपणाकडे आम्ही मोठ्या कुतूहलानें पाहत आलों आहों.

१९७१ सालीं एअर इंडियाचें पहिलें जंबो, ‘सम्राट अशोक’, मुंबईस आलें, तेव्हां तें आकाशांतला राजवाडा म्हणून मिरविलें गेलें. खिडक्यांभोंवतीं झरोक्यांची नक्षीसुद्धां काढलेली होती. पुढच्या पिढीच्या जंबोंना सम्राटांऐवजीं स्थळांचीं नांवें मिळालीं. त्यांतल्या एकाचें नांव ‘अजिंठा’ होतें, आणि ज्यांनीं त्यांत कधीं पाऊल टाकलें नाहीं अशा आम्हां मराठवाडेकरांनाही त्या नांवाचा अभिमान होता. २०२१ सालीं या विमानांनीं उतारू नेणें थांबविलें. उरलेलीं चार विमानें अमेरिकेंतील एका व्यापारी कंपनीनें घेतलीं. दोन मालवाहू करावयाचीं आणि दोन सुट्या भागांसाठीं मोडावयाचीं, असें तेव्हां प्रसिद्ध झालें. एप्रिल २०२४ मध्यें त्यांतल्या एकानें मुंबई सोडली, तेव्हां वैमानिकानें पंख हालवून शहराचा निरोप घेतला. राजवाड्याची वखार होणार, म्हणून पुष्कळांना हळहळ वाटली.

परंतु या विमानाची कुंडली पाहिली तर हळहळीचें कारण उरत नाहीं. १९६०च्या दशकांत त्याची आंखणी झाली, तेव्हां जाणत्यांचें मत असें होतें कीं, लवकरच ध्वनीहून वेगवान विमानें निघतील, उतारू सगळे त्यांत बसतील, आणि या धिप्पाड विमानाला मालच वाहावा लागेल. म्हणून पुढचें नाक उघडून माल सरळ आंत घेतां यावा अशा बेतानें जो सटर व त्यांचे सहकारी यांनीं वैमानिकांची खोली वर चढविली. त्याच्या माथ्यावरचा तो प्रसिद्ध उंचवटा याच हिशेबांतून आला. पुढें काळानें निराळाच निवाडा दिला. वेगवान कॉन्कॉर्ड २००३ सालीं निवृत्त झालें. जंबो मात्र १५७४ तयार झालीं, आणि जानेवारी २०२३ मध्यें जें शेवटचें गिऱ्हाइकाच्या स्वाधीन झालें, तें मालवाहूच होतें.

उतारूंच्या धंद्यांत दोन एंजिनांचीं विमानें स्वस्त पडूं लागलीं, तेव्हां चार एंजिनांचा हा गजराज मागें पडला. मालाचें गणित वेगळें. जुनें विमान कमी किंमतींत मिळालें तर तें दिवसाचे थोडेच तास उडालें तरी परवडतें. आणि शंभर टनांहून अधिक बोजा एका खेपेस नेणारीं वाहनें आकाशांत फार नाहींत. मात्र नाकाचें दार जन्मतःच मालवाहू असलेल्या जंबोलाच असतें. उतारूंच्या विमानाचें रूपांतर करावयाचें तर खुर्च्या काढून, तळ मजबूत करून, कुशींत मोठें दार कापावें लागतें. दुमजली एअरबस ए-३८०ला तर हाही मार्ग साधला नाहीं. तिच्या मालवाहू अवताराच्या मागण्या २००६-०७ मध्यें रद्द झाल्या, आणि २०२१ सालीं तिची निर्मितीच थांबली.

उरला धनिकांचा आश्रय. सौदी राजपुत्र अल्वलीद बिन तलाल यांनीं २००७ सालीं स्वतःसाठीं एक ए-३८० मागविली. ती त्यांच्या दारीं कधींच आली नाहीं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष १९९० पासून जंबोंतून हिंडतात, आणि आमच्या राष्ट्रपति-पंतप्रधानांसही २०२० पर्यंत जंबोच नेत असे. परंतु चार एंजिनांचें इंधन, भला मोठा निवारा आणि लांबरुंद धांवपट्टी ज्याला पुरवेल, असा यजमान राजघराण्यांत किंवा सरकारांतच सांपडावयाचा. हत्ती दारांत बांधण्याची हौस अनेकांना; चारा घालणारे थोडे.

म्हणजे ज्या विमानानें चारशें माणसें एकत्र बसवून दूरचा प्रवास मध्यमवर्गाच्या आटोक्यांत आणला, तें आज बहुतेक राजांचें आणि खोक्यांचें झालें. मधला माणूस त्यांतून उतरला. आम्हांलाही याचें वैषम्य वाटलें असतें. पण २०२१चा उन्हाळा आम्ही पुंडलिकनगरांत काढला आहे. आमच्या गल्लींतल्या एका वृद्ध गृहस्थांस तेव्हां प्राणवायूची निकड होती. मुलगा परदेशांत, त्याला येणें शक्य नव्हतें. त्यानें यंत्र पाठविलें. तें खोकें दारांत उतरलें तेव्हां त्या माउलीनें तें उघडण्यापूर्वीं त्यावरच्या मुलाच्या अक्षरांवरून हात फिरविला. गृहस्थ वांचले, मुलगा दीड वर्षानें आला.

तें खोकें कोणत्या विमानानें आणलें, हें कोणीं विचारलें नाहीं. जगांतला सुमारें निम्मा हवाई माल एरव्हीं उतारूंच्या विमानांच्या पोटांतून जातो. २०२० पासून तीं विमानें जमिनीवर बसलीं, तेव्हां मोडीची वाट पाहणाऱ्या मालवाहूंना एकाएकीं भाव आला. माणसाला जेथें मज्जाव होता तेथें माल जात होता, आणि त्या मालांत माणसाचें काळीज बांधलेलें होतें. त्या दिवसापासून ‘मालवाहू’ हा शब्द आम्ही हलक्या अर्थानें उच्चारीत नाहीं.

चिकलठाण्याचा विमानतळ आमच्यापासून लांब नाहीं. परंतु जंबोचें दर्शन आम्हांस तेथें घडत नाहीं. सकाळीं मात्र नातवंडांचीं दप्तरें खांद्यावर घेऊन शाळेच्या वाटेनें निघालेले सेवानिवृत्त गृहस्थ रोज दिसतात. काल कचेरींत त्यांच्या सहीवांचून कागद हालत नव्हता. आज ते ओझें वाहतात, असें कोणी चेष्टेनें म्हणतो. म्हणो बापडा! दप्तर वेळेवर शाळेंत पोंचतें, आणि घरचीं माणसें निर्धास्त मनानें कामाला लागतात. उत्तरायुष्याला याहून मोठें काम आम्हांला तरी ठाऊक नाहीं.