शेवाळ कोणाच्या तोंडी?

‘शेवाळ खाणारं काहीतरी द्या’ अशी मागणी घेऊन गेलेल्या गिऱ्हाइकाला मत्स्यदुकानदार रिकाम्या हाताने परत पाठवत नाही. बहुधा एक टँग गळ्यात मारतो. मासा दिसायला देखणा, किमतीला घसघशीत. महिन्याभराने मला फोन येतो. मासा मजेत असतो आणि शेवाळही.

मुंबई-पुण्यात खाऱ्या पाण्याच्या, प्रवाळांच्या टाक्या लावून देणं आणि सांभाळणं हा माझा व्यवसाय. अशा फोनवर मी माशाबद्दल नंतर विचारते. शेवाळ काचेवर आहे की खडकावर? नखाने निघतं का? ओढलं तर तंतू हातात येतात का? टाकी लावून किती दिवस झाले? या उत्तरांवरून कळतं की या घरी कोणतं तोंड हवं आहे. प्राणी निवडताना मी त्याचा रंग, किंमत, जात हे सगळं नंतर बघते, आधी तोंड. कारण शेवाळ खाणारा प्रत्येक जण ते वेगळ्या हत्याराने खातो, आणि हत्यार चुकलं तर त्याच्या नाकासमोर शेवाळाचं रान माजलं तरी तो उपाशी राहतो.

काही वेळा तर कोणतंच तोंड नको असतं. नव्या टाकीत वाळूवर तपकिरी थर धरतो तो डायॅटमचा. पाण्यातलं सिलिकेट संपत आलं की काही आठवड्यांत तो आपोआप ओसरतो, त्यासाठी खरेदीला धावू नये. लाल मखमली पापुद्रा येतो ते शेवाळच नव्हे, सायनोबॅक्टेरिया. त्याला सहसा कुणी तोंड लावत नाही. आणि तपकिरी, चिकट, बुडबुडे धरलेले धागे दिसले तर हात आखडताच घ्यावा. ते डायनोफ्लॅजेलेट असू शकतात आणि त्यांच्या काही जाती विषारी असतात. त्यांच्यावर चरलेल्या गोगलगायी गळून खाली पडतात. गंमत म्हणजे हे संकट पुष्कळदा अतिस्वच्छ टाकीत येतं, नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणून ठेवलेल्या. त्या टाकीत ‘सफाई कामगार’ सोडणं म्हणजे त्यांना मरायलाच सोडणं.

उरतं ते खरं हिरवं शेवाळ. काचेवरचा पातळ थर, खडकावरची आखूड लव, आणि सगळ्यांचा रक्तदाब वाढवणारं लांब केसाळ शेवाळ.

काचेवरच्या थरासाठी गोगलगायीला तोड नाही. टर्बो गोगलगाय काचेवर चरत असताना बाहेरच्या बाजूने एकदा बघाच, भिंगाचीही गरज नाही. मऊ ओठ उघडतात, आतून एक तपकिरी पट्टी पुढे येते, काच खालून वर खरवडते आणि आत जाते. ओठ मिटतात. तोंड तसूभर बाजूला सरकतं आणि पुन्हा तेच. तिच्या मागे काचेवर नागमोडी स्वच्छ रेघ उमटत जाते. त्या पट्टीचं नाव रॅड्युला. तिच्यावर सूक्ष्म दातांच्या ओळी असतात. पुढच्या झिजल्या की मागून नव्या सरकतात. आपल्या कातळी किनाऱ्यांवर चिकटून बसणाऱ्या, गोगलगायीच्या नात्यातल्या कायटनच्या अशाच दातांवर तर चक्क मॅग्नेटाइटचा, म्हणजे लोहखनिजाचा थर असतो. दगड खरवडायचा म्हणजे तेवढी तयारी लागणारच. पण हे हत्यार पातळ थरासाठी. बोटभर लांब केसांपुढे बहुतेक गोगलगायी हरतात. मोठी टर्बो थोडंफार कुरतडते, पण तिच्या वाटेत तुम्ही न चिकटवलेलं कोरल आलं तर तेही खाली पाडते.

ब्लेनी मासा आणि कोले टँग यांचे दातही खरवडण्याचेच. लॉनमोअर ब्लेनी या नावावरून लोक समजतात की हा गवत कापणार. तो कापत नाही. दगडावर ओठ आपटून थर ओढून घेतो. काचेवर त्याच्या ओठांचे गोल ठसे उठलेले दिसतात. लांब तंतू कापायला झेब्रासोमा टँग हवा: पुढे आलेलं तोंड, धारदार कडांचे चपटे दात, दिवसभर खुडत राहण्याची सवय. शेवाळ पचवणं हे तसं जड काम. त्यासाठी सर्जनफिशच्या, म्हणजे टँगच्या कुळातल्या माशांच्या, आतड्यात जिवाणूंची मोठी वस्ती असते. १९८५ साली तांबड्या समुद्रातल्या अशाच एका माशाच्या आतड्यात इतका मोठा सूक्ष्मजीव सापडला की तो जिवाणूच आहे हे पक्कं व्हायला १९९३ उजाडलं. अर्ध्या मिलिमीटरहून लांब, नुसत्या डोळ्यांनी दिसणारा! झेब्रासोमासारखा मासा तीन फुटी टाकीत कोंबू नये, हे मात्र मी गिऱ्हाईक नाराज झालं तरी सांगते. टँगला पोहायला लांबी लागते. पाच-सहा फुटांखाली मी झेब्रासोमा सुचवत नाही.

बुडबुड्यासारख्या व्हॅलोनिया शेवाळासाठी एमराल्ड खेकडा. काम करतो, पण खेकड्याला मी कधीच शाकाहारी मानत नाही. भूक लागली की त्याचा चिमटा कोरलकडे वळतो.

काटेरी गोळ्यासारख्या अर्चिनबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. पाच दातांचा त्याचा जबडा खडकावरची लव अक्षरशः तासून काढतो, गुलाबी कोरलाइन शेवाळासकट. टक्सीडो अर्चिन लहान, देखणा आणि प्रेमळ चोर. सापडेल ते अंगावर लादून फिरतो. एका घरी हरवलेलं महागडं झोआंथिड (प्रवाळाचा एक नातलग) आम्ही सगळीकडे शोधलं. ते त्याच्या डोक्यावर होतं.

अर्चिनचा खरा धडा टाकीबाहेरचा आहे. कॅरिबियन समुद्रात डायाडेमा अँटिलारम या लांब काट्यांच्या अर्चिनवर १९८३ मध्ये रोग आला. पनामाजवळ सुरुवात झाली आणि वर्षभरात ही साथ जवळजवळ सगळ्या कॅरिबियनभर फिरली. नव्वद टक्क्यांहून जास्त अर्चिन मेले. जमैकात पोपटमासे आणि इतर शाकाहारी मासे माणसांनी आधीच इतके पकडले होते की शेवाळ चरणारं मोठं तोंड हेच एक उरलं होतं. तेही गेलं. १९७७ मध्ये तिथल्या प्रवाळभित्तीवर सुमारे ५२ टक्के जागा जिवंत प्रवाळांची होती, १९९३ पर्यंत ती ३ टक्क्यांवर आली. शेवाळ ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेलं. १९८० च्या चक्रीवादळाचाही त्यात वाटा होता, पण वादळानंतर प्रवाळ पुन्हा उभे राहिले नाहीत ते शेवाळामुळे. २०२२ मध्ये अर्चिनवर पुन्हा तशीच साथ आली, आणि या वेळी एकपेशीय परजीवी पकडला गेला.

म्हणून एकाच प्राण्यावर भिस्त ठेवणाऱ्या टाकीची मला धास्ती वाटते. चार फुटी, अडीचशे लिटरच्या टाकीत मी एक मोठा मासा न सुचवता वेगवेगळी छोटी तोंडं सुचवते: काचेसाठी आणि खडकासाठी डझनभर गोगलगायी, वाळूत शिरणाऱ्या काही सेरिथ गोगलगायी, एक टक्सीडो अर्चिन, एक ब्लेनी. नॅसॅरिअस गोगलगायी मात्र शेवाळवाल्यांच्या यादीत धरू नका. त्या मांसाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांवर जगतात, हिरव्याकडे ढुंकून बघत नाहीत.

आता कुणी विचारत नाही तो भाग. खाल्लेलं जातं कुठे? म्हशीने वावरातलं गवत खाल्लं तरी शेण वावरातच पडतं. शेवाळातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस विष्ठेतून पुन्हा पाण्यात येतं आणि नवं शेवाळ त्याच्यावर पोसतं. म्हणून केसाळ शेवाळ आधी हाताने उपटून बादलीत टाका, पाण्यातली घाण फेसातून काढणारा स्किमर नीट चालू आहे ना बघा, नळाच्या पाण्याऐवजी शून्य टीडीएसचं आरओ-डीआय पाणी वापरा, माशांना चमच्याने भरवणं आवरा. जुन्या दगडात फॉस्फेट मुरलेलं असेल तर पाण्याची चाचणी चांगली येऊनही दगडावर शेवाळ येत राहतं, तेव्हा महिनोन्‌महिने धीर धरावा लागतो. यानंतर जे उरेल ते प्राण्यांचं. आणि टाकी स्वच्छ झाल्यावर ब्लेनीचं पोट खपाटीला गेलेलं दिसलं तर शाबासकी देत बसू नका, नोरीचा तुकडा लावा. सुशीसाठी वापरतात तीच, मीठ-मसाला न लावलेली.

विकत घेतानाची दोन-तीन पथ्यं. दुकानात माशांच्या टाक्यांची क्षारता रोगाच्या भीतीने बरेचदा कमी ठेवतात. तिथून आणलेली गोगलगाय सरळ १.०२६ घनतेच्या पाण्यात सोडली तर तिला तो धक्का झेपत नाही. थेंब-थेंब पद्धतीने तासभर तरी सवय करावी. तांब्याचं औषध चालू असलेलं पाणी घरात आणूच नका, ते या जिवांना जहर आहे. मार्गारिटा नावाने विकली जाणारी गोगलगाय थंड समुद्रातली. आपल्या २५-२६ अंशांत ती हळूहळू मरते. कोकणातल्या खडकांवरून उचललेल्या नेरिटा गोगलगायी भरती-ओहोटीच्या पट्ट्यात राहणाऱ्या, त्या रात्री टाकीबाहेर चढून फिरायला जातात. आणि उचलण्यापूर्वी कायदा बघा: २००१ पासून प्रवाळभित्ती बांधणारे प्रवाळ आणि समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहेत, ट्रोकस निलोटिकस आणि टर्बो मार्मोरेटस या मोठ्या गोगलगायीसुद्धा. मेलेल्या प्रवाळाचा दगडही त्यातून सुटत नाही. परवान्याने आयात केलेला माल घ्यावा आणि बिल मागावं.

सगळं करूनही केसांचं रान हटत नसेल तर शेवटचा उपाय डोलाबेला, म्हणजे सी हेअर. मूठभर आकाराचा, मातकट, कुरूप प्राणी. पण हा लांब केसांवरच तुटून पडतो आणि आठ-दहा दिवसांत खडक उघडा करतो. त्याला दोन अटी. पंपाच्या तोंडाला स्पंज लावलाच पाहिजे, कारण तो आत ओढला गेला तर जांभळी शाई सोडतो आणि लहान टाकीत त्यापायी मासे मरू शकतात. आणि शेवाळ संपलं की त्याला हलवलं पाहिजे, नाहीतर तो उपासमारीने जातो. म्हणून तो विकत घ्या असं मी कुणालाच सांगत नाही. आमच्या ओळखीतल्या टाकीवाल्यांमध्ये तो फिरतीवर असतो, बॅटरीच्या पंपासकट बादलीत बसून. सध्या ठाण्यात एका दातांच्या डॉक्टरांकडे आहे. त्यांचा परवा फोन होता: अजून डावीकडचा दगड बाकी आहे, रविवारपर्यंत राहू दे. पुढची पाळी असलेले पुण्याचे यजमान तिकडे खोळंबलेत.