कासूची दिवाळी भेट

पनवेल सोडल्यावर रोह्याकडे जाणारी मेमू गाडी आपटा, जिते, हमरापूर अशी स्थानके घेत पेणला येते. पेणला गाडी बरीचशी रिकामी होते. पुढचे स्थानक कासू, त्यानंतर नागोठणे आणि मग रोहा, जिथून कोकण रेल्वेचा मार्ग सुरू होतो. जलद गाडीतील प्रवाशाला कासूची पाटी नीट वाचताही येत नाही, इतक्या वेगाने ती मागे पडते. मुंबई-गोवा महामार्गावरून मोटारीने जाणाऱ्यांचेही तेच होते. वडखळचा नाका ओलांडल्यावर त्यांचे लक्ष पुढच्या गावांकडे लागलेले असते.

दिवाळीच्या सुमारास मात्र येथे उतरावे. भातकापणी सुरू झालेली असते. काही खाचरांत पीक उभे, काहींत कापून आडवे टाकलेले आणि काहींत नुसते धसकट उरलेले दिसते. वाऱ्याला नव्या पेंढ्याचा वास असतो. पूर्वेला डोंगर आणि पश्चिमेला खाडीकडे उतरत गेलेली सपाट जमीन, यांच्या मधल्या पट्ट्यात रूळ, महामार्ग आणि गाव एकमेकांना धरून बसलेले आहेत.

धनत्रयोदशीच्या आधीच्या आठवड्यात या फलाटावर एक वृद्ध दांपत्य उतरले. शेठजींचे वय शहात्तर. पेणच्या बाजारपेठेत त्यांनी चाळीस वर्षे किराणा व धान्याचे दुकान चालवले आणि आता ते पनवेलला मुलाकडे राहतात. कासूच्या एका शेतकरी कुटुंबाचे खाते त्यांच्या दुकानात होते. पावसाळाभर उधारीवर किराणा न्यायचा आणि कापणीनंतर भात घालून खाते चुकते करायचे, असा तो जुना व्यवहार. २००५ च्या जुलैतील अतिवृष्टीत दुकानात पाणी शिरले, तेव्हा या घरातील दोन माणसे कमरेएवढ्या पाण्यातून आली आणि साखरेची, डाळींची पोती त्यांनी माळ्यावर चढवली. त्या वर्षापासून दर दिवाळीला शेठजी स्वतः कासूला जाऊन भेट देत आले. दुकान मुलाने बंद केले, तरी हा क्रम चुकला नाही. चुकला तो फक्त गेल्या वर्षी.

गेल्या वर्षी शेठजींचे गुडघे दुखत होते. मोबाइलवर एक संदेश आला. सुकामेव्याचे, मिठाईचे भेटसंच निम्म्या किमतीत, घरपोच. शेठजींनी सहा संच मागवून पैसे भरले. संच आले नाहीत. चौकशी केल्यावर पलीकडून अत्यंत आदराने बोलणाऱ्या एका तरुणाचा फोन आला. माल संपला आहे, पैसे परत करायचे आहेत, पाठवलेले चौकोनी चित्र स्कॅन करून पिन टाका म्हणजे रक्कम खात्यात जमा होईल, असे त्याने सांगितले. शेठजींनी पिन टाकला आणि खात्यातून एकोणीस हजार रुपये गेले.

चाळीस वर्षांत ज्यांच्या रोजमेळात कधी एक आण्याचा फरक राहिला नाही, त्यांना ही गोष्ट घरात सांगता आली नाही. अकरा दिवस ते गप्प राहिले. बाराव्या दिवशी शेठाणीबाईंनी बँकेचे पुस्तक पाहिले, तेव्हा ती बाहेर आली. मुलगा रागावला नाही. त्याने फक्त एवढेच विचारले, “पप्पा, त्याच दिवशी का नाही सांगितलेत?”

या प्रश्नात भावनेचा भाग आहे, तसा हिशेबाचाही आहे. ऑनलाइन आर्थिक फसवणुकीची तक्रार १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब केली, तर रक्कम ज्या खात्यात गेली तेथेच ती गोठवली जाण्याची शक्यता असते. चोर ती रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात वेगाने हलवत असतो. त्यामुळे पहिल्या काही तासांचे मोल फार आहे. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये ग्राहकाच्या दायित्वाविषयी जे परिपत्रक काढले, त्याचा गाभाही वेळ हाच आहे. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा फसवणुकीची सूचना बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत दिली, तर ग्राहकावर बोजा पडत नाही. चार ते सात दिवसांत दिली, तर मर्यादित बोजा पडतो. ग्राहकाने स्वतःच पिन किंवा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. कळवल्यानंतर होणारे नुकसान मात्र बँकेचे. म्हणजे चूक आपलीच असली, तरीही कळवण्याची घटिका महत्त्वाची ठरते. शेठजींचे अकरा दिवस लाजेत गेले. ज्या घरांत वडीलधाऱ्यांकडे आजही तिजोरीची किल्ली असते, तेथे ही लाज अधिक खोल असते. लबाड माणसाला हे पक्के ठाऊक असते. त्याचा अर्धा धंदा या मौनावर चालतो.

पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. हे एक वाक्य शेठाणीबाईंनी मोठ्या अक्षरांत लिहून टेलिफोनच्या डायरीच्या पहिल्या पानावर चिकटवले आहे, त्याखाली १९३० हा आकडा आणि बँकेच्या शाखेचा क्रमांक. बँकेचा क्रमांक पासबुकावरून घेतला आहे. गूगलवर शोधलेला नाही, कारण तेथे खोटे क्रमांकही पेरलेले असतात. मुलाने आणखी एक व्यवस्था केली. ज्या खात्यात ठेवींचे व्याज जमा होते ते मोबाइलपासून तोडले आणि दुसऱ्या छोट्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरती रक्कम ठेवून तेवढेच मोबाइलला जोडले. पूर्वी दुकानाच्या गल्ल्यात दिवसाच्या सुट्ट्यापुरते पैसे ठेवून बाकीचे आत तिजोरीत नेत असत, त्यातलाच हा प्रकार. शेठजींना तो लगेच पटला.

यंदा शेठजींनी ठरवले की भेटी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यायच्या. म्हणून ते दोघे सकाळी आधी पेणला उतरले होते.

पेण म्हटले की गणेशमूर्ती, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. तालुक्यातील हमरापूर, जोहे यांसारखी गावे वर्षभर त्याच कामात असतात. पण पेणच्या बाजाराची दुसरी ओळख पोहे आणि पापड ही आहे. पोह्यांचे पापड, मिरगुंडे, कुरडया, सांडगे यांची लाटणी-वाळवणी उन्हाळ्यात होते आणि त्यामागे मुख्यतः बायकांचे हात असतात. दिवाळीच्या फराळासाठी पोहे मात्र याच दिवसांत उचलले जातात. शेठजींनी दुकानात शिरताच सवयीने मूठभर पोहे तळहातावर घेतले, चुरगळून पाहिले, वास घेतला आणि दुकानदाराकडे पाहून मान हलवली. पाच घरांसाठी पातळ पोह्यांच्या पिशव्या बांधून झाल्या. मोबाइलवर हे कसे करणार?

पापडांच्या बाबतीत शेठाणीबाई पुढे झाल्या. पाकिटावरचे हिरवे चिन्ह पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगते. लसूण, कांदा, बटाटा त्यात नाही, अशी ग्वाही ते देत नाही. त्यामुळे जैन घरी भेट द्यायची असेल, तर घटकांची बारीक अक्षरे वाचावीच लागतात. त्यांनी पर्समधून भिंग काढले. एक पाकीट लसणासाठी परत ठेवले आणि दुसऱ्यावर अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक व तयार केल्याची तारीख पाहून ते घेतले. तेही दोनच घरांसाठी. चातुर्मासात साठवणीचे पापड न खाण्याचा नियम अनेक घरांत असतो. दिवाळी चातुर्मासातच येते, आणि तो संपायला कार्तिकी चौदस-पौर्णिमा उजाडावी लागते. सुकामेव्याचेही तसेच. काही परंपरांत फाल्गुन चातुर्मासीपासून कार्तिक चातुर्मासीपर्यंत तो वर्ज्य मानतात. तरीही दिवाळीत काजू-बदामांचे चकचकीत डबे एका श्रावकाच्या घरातून दुसऱ्या श्रावकाच्या घरात जातात, तेथून तिसऱ्याकडे, आणि कार्तिकी पौर्णिमेनंतर ज्याच्या हाती उरतात त्याला खवट बदाम मिळतात. हे दृश्य कोणी पाहिले नाही? नियम पाळणाऱ्या घरी द्यायचेच असेल, तर पंधरा दिवस थांबून, ताज्या तारखेचे द्यावे.

वयोवृद्धांना काय द्यावे, याचा विचार शेठाणीबाईंनी अधिक केला होता. पालीताण्याच्या यात्रेत ज्यांची सोबत असे, त्या नणंदेसाठी त्यांनी उकाळलेले पाणी ठेवायला झाकणाचा हलका स्टीलचा जग घेतला. जड जग नणंदेला आता उचलवत नाही. जमिनीवर बसता न येणाऱ्या दिरांसाठी खुर्चीवर अंथरायचे सामायिकाचे लोकरी आसन. नातसुनेला चांदीचे छोटे नाणे द्यायचे होते, पण ते मात्र ओळखीच्या सराफाकडून पक्क्या पावतीने पनवेललाच घ्यायचे ठरले. सोन्याचे काही घ्यायचे तर तीन गोष्टी पाहाव्या लागतात: भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांची हॉलमार्क ओळख. १ एप्रिल २०२३ पासून या ओळखीशिवाय हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत आणि ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर ती घरबसल्या पडताळता येते.

एका निवृत्त शिक्षक मित्रासाठी शेठजींनी पनवेलहूनच एक ग्रंथ बांधून आणला होता, ‘समणसुत्तं’. तो या वाटेवर दिला जावा, यात एक औचित्य आहे. विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, याच पेण तालुक्यातील गागोदे गावचा. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण वर्षाच्या निमित्ताने सर्व जैन संप्रदायांना मान्य असा एक ग्रंथ व्हावा, हा ध्यास विनोबांचा. जिनेंद्र वर्णी यांनी संकलन केले, १९७४ मध्ये दिल्लीत चारही संप्रदायांचे मुनी व विद्वान एकत्र बसले आणि ७५६ गाथांचा हा ग्रंथ सिद्ध झाला. विनोबांनी देह ठेवला तो १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, पवनारला, अन्न-औषध सोडून. तो दिवस दिवाळीचा, महावीर निर्वाणाचा होता. पेणच्या बाजारपेठेतील कितीतरी श्रावकांना गागोदे आपल्या तालुक्यात आहे हे माहीत असते. हा ग्रंथ त्या मातीतल्या माणसाच्या आग्रहातून आला, हे फार थोड्यांना माहीत आहे.

पोह्यांचे पैसे देताना शेठजींनी खिशातून मोबाइल काढला. शेठाणीबाईंनी काही न बोलता पिशवी दुसऱ्या हातात घेतली. शेठजींनी कोड स्कॅन केला, पडद्यावर उमटलेले दुकानाचे नाव मोठ्याने वाचले, दुकानदाराने “बरोबर” म्हटले, मग रक्कम वाचली आणि मगच पिन टाकला. दुकानदाराच्या पेटीतून पैसे मिळाल्याची घोषणा झाली. मागे उभ्या असलेल्या तरुण गिऱ्हाइकाला या सगळ्याला जरा उशीर होतो आहे असे वाटले असावे. शेठजींनी त्याच्याकडे पाहिले नाही. खिशातील वहीत तारीख, दुकान, रक्कम लिहून झाल्यावरच ते पायरी उतरले.

कासूच्या घरी अंगणात भाताचे भारे रचलेले होते. घरधनी आता थकले आहेत. दुकानात पोती चढवणाऱ्या दोघांपैकी तेच एक उरले. “शेठ, गेल्या दिवाळीला वाट बघली,” ते म्हणाले. “म्हटलं, तब्येत बरी नाय काय?”

शेठजी क्षणभर थांबले. मग त्यांनी सगळे सांगितले: संदेश, तो आदराने बोलणारा तरुण, एकोणीस हजार, अकरा दिवस. घरच्यांव्यतिरिक्त ते प्रथमच कोणाला सांगत होते. ओसरीवर बसलेल्या थोरल्या सुनेने मान खाली घातली आणि म्हणाली, तिच्या भावालाही वीजबिल थकले आहे असा फोन आला होता, त्याचेही गेले, तोही कोणाला बोलला नव्हता. किती दिवस झाले, असे शेठजींनी तिला तत्काळ विचारले. परवाच, असे कळताच त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि तिला आत्ताच्या आत्ता भावाला फोन लावायला सांगितले. १९३० हा आकडा त्यांनी तिच्याकडून दोनदा म्हणून घेतला, बँकेत लेखी अर्ज देऊन पोच घ्यायला सांगितली आणि मोबाइलमधील संदेश पुसू नकोस असे बजावले. भावाने पलीकडून हो म्हटले.

भेट देऊन झाली. पोहे, पापडांचे एक पाकीट, लेकरांसाठी खडीसाखर. चौविहार असल्याने सूर्यास्तापूर्वी पनवेलला पोहोचायचे होते, म्हणून दोघे उठले. निघताना सुनेने नव्या तांदळाची पिशवी शेठाणीबाईंच्या हातात ठेवली. किती झाले, असे शेठजींनी विचारले, तेव्हा घरधनी हसले. त्यांनी काही सांगितले नाही.

फलाटावर गाडीला वीस मिनिटे होती. पेंढ्याने भरलेला एक टेम्पो महामार्गाकडे निघून गेला. शेठजींनी वही काढली, चष्मा सारखा केला आणि त्या दिवसाच्या पानावर शेवटची ओळ लिहिली: कासू, नवे तांदूळ, अंदाजे पाच किलो, येणे नाही, देणे बाकी.