न उलटविलेलीं अंडीं

गेल्या ज्येष्ठांत वरठीस तुळशीशेजारची माती उकरतांना सरड्याचीं अकरा अंडीं सांपडलीं. नातवानें तीं घरांतच उबविण्याचा हट्ट धरला. ओलसर मातीच्या दोन कुंड्या केल्या. सहा अंडीं आमच्या कुंडींत, पांच त्याच्या. कोंबडी अंडीं फिरवून उबविते हें आम्हांस ठाऊक. म्हणून आम्ही आमचीं रोज सकाळीं निष्ठेनें उलटीत असूं. नातवानें मात्र आपल्यांस हात लावूं दिला नाहीं. म्हणे, "आजोबा, त्यांची आई कुठें येते फिरवायला?"

सुमारें दीड महिन्यानें त्याच्या कुंडींतून चार पिलें निघालीं. आमचीं सहाही कुजलीं. पुढें वाचनांत आलें कीं, पक्ष्याचा गर्भ कवचास चिकटूं नये म्हणून अंडें फिरवावें लागतें. सुसरी-कासवांचा गर्भ मात्र आरंभींच वरच्या बाजूस चिकटून वाढतो आणि उलटविल्यास बहुधा दगावतो. सरड्याचें अंडेंही जाणते लोक फिरवीत नाहींत; त्यास ऊब आणि ओल पुरे.

पिलें तुळशीपाशीं सोडलीं. शाळेंत आम्हीं अबोल मुलांसही रोज उभें करून प्रश्न विचारले. त्यांत हितच पाहिलें. कांहींना नुसती ऊबच हवी होती, हें आतां कळून काय उपयोग?