गिअरबॉक्स गेलाय म्हणे

संपादकांनी फोनवर एकच अट घातली : सोप्या भाषेत लिहा, वाचकांना गाडीतलं काही कळत नाही. माझी अडचण उलटी आहे. मला त्रास होतो तो गाडीतलं सगळं कळतं असं वाटणाऱ्यांचा. अवसरी बुद्रुकला माझ्या गॅरेजच्या दारात जुनी ऑटोमॅटिक गाडी उभी राहते तेव्हा तिचा निकाल आधीच लागलेला असतो : 'गिअरबॉक्स गेलाय.'

मुळात ऑटोमॅटिक ही एक वस्तू नव्हे. २०१४ साली मारुतीने सेलेरिओत एएमटी आणली तेव्हापासून खेड्यापाड्यांतही हा शब्द रुळला. पण एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं यंत्र करतं. सीव्हीटीत पट्टा आणि पुल्या असतात, ड्युअल क्लचची दुखणी आणखी निराळी. मी बोलतोय जुन्या टॉर्क कन्व्हर्टरबद्दल. त्यात इंजिनाकडची पाती तेल फेकतात आणि त्या तेलाच्या जोरावर गिअरबॉक्सकडची पाती फिरतात. मधे धातूला धातू लागत नाही. मात्र तेल थोडं घसरतंच आणि तेवढं पेट्रोल फुकट जातं. म्हणून गाडीने वेग धरला की आतला लॉक-अप क्लच बसतो आणि दोन्ही बाजू एकत्र बांधतो. हे लॉक-अप लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

यंदा पावसाळ्यात सातगाव पठारावरचे एक बटाटा बागायतदार पुण्यातून घेतलेली जुनी सेडान घेऊन आले. थंड असताना गाडी गुणी. गरम झाली की साठ-पासष्टच्या वेगाला थरथरायची. शहरातल्या एका वर्कशॉपने 'गिअरबॉक्स बदला' असं लेखी दिलं होतं. रक्कम गाडीच्या निम्म्या किमतीएवढी. स्कॅनरवर एकही कोड नव्हता, म्हणजे बिघाड खोल आहे, हे त्यांचं तर्कशास्त्र. कोड आला असता तरी फार फरक पडला नसता म्हणा. पी-०७०० दिसला की लोकांचे हातपाय गळतात. त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला काहीतरी सांगायचंय. काय सांगायचंय, ते वेगळं वाचावं लागतं.

आम्ही हायवेला लागलो. पासष्टला अ‍ॅक्सिलरेटर तसाच धरून मी डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श केला, मागचा दिवा लागेल इतपत. तेवढ्याने लॉक-अप सुटतं. थरथर जागच्या जागी थांबली. बहुतेकांचं निदान इथेच संपतं : लॉक-अप क्लच खराब, खोला गिअरबॉक्स. पण ही परीक्षा फसवी आहे, आणि हे मी सांगून सांगून थकलो. इंजिनात मिसिंग असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरचा ठोका चुकत असेल, तरी लॉक-अप बसलेलं असताना तो झटका थेट सीटपर्यंत येतो. लॉक-अप सुटलं की तेल तो गिळून टाकतं. म्हणजे रोग दोन आणि उत्तर एकच.

मग गाडी अवसरी घाटात नेली. लिव्हर दोनवर, म्हणजे लॉक-अप बसायचा प्रश्नच नाही, आणि चढावर भरपूर रेस. झटके तिथेही आले. बारीक, पण आले. सपाटीवर स्कॅनर लावून इंजिनाचे आणि टर्बाइनचे, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या पात्यांचे, फेरे शेजारी शेजारी पाहिले. लॉक-अपमध्ये दोन्ही आकडे बरोबरीने चालत होते. क्लच घसरतच नव्हता. शेवटी संशय होता त्या तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी पाडणारी कॉइल पहिल्यावर लावली, तर मिसिंगही पहिल्यावर गेलं. नवी कॉइल घातली, थरथर संपली.

मालक खूश झाले, पण पटलं मात्र नाही. "मिस्त्री, आत्ता बरी झाली, पण आज ना उद्या गिअरबॉक्स जायचाच की." थोड्याच दिवसांत त्यांनी गाडी विकून टाकली. हे मला अजून खुपतं. गाडीतला दोष निघाला, मालकाच्या मनातला निघाला नाही.

दुसरा हट्टी समज तेलाचा. 'जुन्या गिअरबॉक्सचं तेल बदललं की तो बसतो.' युक्तिवाद असा की जुन्या तेलात क्लच प्लेटचा भुगा असतो आणि त्याच्यावरच प्लेटा पकड धरून असतात. अहो, भुग्यावर पकड धरणाऱ्या प्लेटा आधीच संपलेल्या असतात! लोक वर्षानुवर्षं तेलाकडे बघत नाहीत, गिअर घसरायला लागल्यावर बदलतात, आणि मग दोष नव्या तेलाला. काही कंपन्यांनी 'लाइफटाइम' तेल म्हणून या आळसाला आशीर्वादच दिला. कुणाची लाइफ, ते विचारायचं नाही. मशीनने दाबाखाली धुण्याच्या मात्र मीही विरोधात आहे. सुटलेली घाण व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत अडकू शकते. मी चेंबर उतरवतो, आतलं चुंबक बघतो. राखाडी लेप असला तर घाबरायचं कारण नाही, ते वयाचं लक्षण. चमचमते कण किंवा काळा कोंडा आणि वर तेलाला करपट वास असेल, तर खर्च टाळा असं मी सरळ सांगतो. एका वेळी सगळं तेल निघतही नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून थोडं चालवून पुन्हा बदलायचं. अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकीतली ऑटोमोबाइलची पोरं आली की हे चुंबक मी आधी त्यांच्या हातात देतो.

राहिला पैशांचा प्रश्न. घाटात चकरा मारायला, कॉइलची अदलाबदल करायला अर्धा दिवस जातो, पण बिलात मी 'तपासणी' लिहीत नाही. लिहिलं की गिऱ्हाईक विचारतं, "नुसतं बघायचे कसले पैसे?" 'मजुरी' लिहिली की गुमान देतात.