हे मला आधी कुणी का सांगितलं नाही?

सध्या मला कुणीही भेटो, पाचव्या मिनिटाला मी गप्पा जिमी कार्टरवर आणून ठेवते. विषय गुडघेदुखीपासून सुरू झालेला असो नाहीतर कांद्याच्या भावापासून. मुलगा म्हणतो, "आई, अगं दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या रांगेत उभी राहून तू लोकांना बॅप्टिस्ट चर्चचा इतिहास सांगत होतीस." सांगत होते! पुन्हा संधी मिळाली तर पुन्हा सांगेन. इतकी वर्षं अमेरिकेच्या निवडणुका पेपरात वाचल्या, टीव्हीवर पाहिल्या, आणि त्यातली सगळ्यात रंगतदार गोष्ट माझ्यापर्यंत पोचलीच नव्हती.

२०२४च्या सप्टेंबरात मी लेकाकडे अटलांटाला गेले. जॉर्जिया म्हणजे काट्याच्या लढतीचं राज्य, त्यामुळे टीव्ही लावला की उमेदवार आणि टीव्ही बंद केला की पोस्टाच्या पेटीत उमेदवार. आणि प्रत्येक चर्चेत एक आकडा हमखास यायचा: २०१६ साली गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी सुमारे ८१ टक्के लोकांनी ट्रम्प यांना मत दिलं. दहांतले आठ! तीन लग्नं केलेल्या, कॅसिनो चालवलेल्या माणसाला, सकाळी उठून बायबल उघडणाऱ्या लोकांनी! आपल्याकडे यासाठी एक तयार शब्द आहे, गठ्ठा मतदान. तो लावला की विचार संपतो. पास्टर सांगतो, मंडळी मत देतात, विषय मिटला. पण माझं काही त्यानं समाधान होईना.

आधी ही मंडळी कोण ते सांगते. इव्हँजेलिकल हा काही एक पंथ नाही, अनेक पंथांमधून वाहणारा प्रवाह आहे. त्यात बॅप्टिस्ट आहेत, पेंटेकोस्टल आहेत, आणि कुठल्याच पंथाचं नाव न लावणारी, मॉलएवढी मोठी चर्चही आहेत. डेव्हिड बेबिंग्टन या ब्रिटिश इतिहासकारानं १९८९ साली त्यांच्या चार खुणा सांगितल्या: बायबल हा अखेरचा आधार, क्रुसावरचं बलिदान हा श्रद्धेचा गाभा, प्रत्येकाचं स्वतःचं मनःपरिवर्तन आणि त्या श्रद्धेपायी जगात उतरून काम. यातली तिसरी खूण फार गमतीची. ख्रिस्ती घरात जन्मलात म्हणून भागत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात येशू निकदेमाला सांगतो तसं नव्यानं जन्मावं लागतं. म्हणून 'बॉर्न अगेन'. आणि आपल्याला हे घराणं अगदीच अनोळखी नाही बरं का! अहमदनगरला 'ज्ञानोदय' सुरू करणारं अमेरिकन मराठी मिशन याच प्रवाहातलं, आणि पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जी धर्मजागृतीची लाट उठली, तीही याच गोत्रातली.

आता खरी गोष्ट. लेकाच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहते, माझ्याच वयाची. बॅप्टिस्ट, नवऱ्यासकट रिपब्लिकन. एका बुधवारी ती मला तिच्या चर्चच्या जेवणाला घेऊन गेली. तळलेलं चिकन, कॉर्नब्रेड, पीच कॉबलर, आणि साखरेनं ओथंबलेला थंड चहा. मी शाकाहारी, म्हणून तिनं मोठ्या प्रेमानं माझ्यापुढे फरसबीचं भांडं सरकवलं. त्यातही बेकनचे तुकडे! मी कॉर्नब्रेडवर निभावलं. जेवणानंतर बायबलचा वर्ग झाला, प्रार्थना झाल्या, कुणाच्या ऑपरेशनसाठी, कुणाच्या नातवाच्या नोकरीसाठी, आणि शेवटी "आपल्या देशासाठी". उमेदवाराचं नाव एकदाही निघालं नाही. मी कान टवकारून बसले होते, म्हणून खात्रीनं सांगते. करसवलत घेणाऱ्या संस्थांनी उमेदवाराचा प्रचार करू नये अशी तरतूद १९५४ सालीच कायद्यात आली, लिंडन जॉन्सन सिनेटर असताना त्यांनी ती घातली. तिच्यावर वाद चालू आहेत, पण त्या संध्याकाळी तरी ती पाळली गेली.

मग दारापाशी एका टेबलावर तो कागद दिसला. व्होटर गाइड! एकच पान. वर दोन उमेदवारांचे फोटो, खाली प्रश्नांच्या ओळी, आणि प्रत्येक ओळीपुढे कोण बाजूनं, कोण विरोधात. गर्भपात, धर्मस्वातंत्र्य, इस्रायल, मुलींच्या खेळांत ट्रान्स खेळाडू, शाळा निवडण्याचं स्वातंत्र्य. तळाला बारीक अक्षरांत: हा कागद कुणाचाही प्रचार करत नाही. खरंच करत नव्हता! एक विशेषण नाही, एक आवाहन नाही. मी तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि शेजारणीला विचारलं, "यात आरोग्य विमा कुठे आहे?"

"अगं, त्यावर चांगल्या ख्रिस्ती माणसांमध्येही दुमत असू शकतं."

"आणि गर्भपातावर?"

तिनं माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. "त्यावर कसं असेल?"

बस्स! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तांदूळ निवडताना दाणे एकीकडे आणि खडे एकीकडे करावेत, तसे इथे आधी प्रश्नच निवडले जातात. हे प्रश्न देवाचे, यावर तडजोड नाही. ते प्रश्न माणसांचे, त्यावर तुझं तू ठरव. मत कुणाला द्यायचं हे सांगावंच लागत नाही! कोणता प्रश्न कुठल्या ढिगात हे एकदा ठरलं की बाकीचं काम तो कागद विनाविशेषण करतो. आणि हे काही गरिबांची पर्वा नाही म्हणून नव्हे हं. हीच बाई दर आठवड्याला चर्चच्या फूड पँट्रीत डबाबंद अन्नाच्या पिशव्या भरते. तिच्या लेखी भुकेल्याला जेवू घालणं हे देवाचंच काम आहे, फक्त ते तिनं आणि तिच्या चर्चनं करायचं, सरकारनं नव्हे.

घरी येऊन मी वाचायला बसले ती उठेचना. कारण हे ढीग कुणी केले, कधी केले, हा प्रश्न डोक्यातून जाईना. आणि वाचता वाचता जे हाती लागलं त्यानं मी चाटच पडले. गर्भपाताचा प्रश्न आधी देवाच्या ढिगात नव्हताच! १९७१ साली सेंट लुईसच्या अधिवेशनात सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शननं, म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या प्रोटेस्टंट संघटनेनं, ठराव केला की बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग, आईच्या शारीरिक, मानसिक किंवा भावनिक आरोग्याला धोका अशा परिस्थितीत गर्भपाताला मुभा देणारे कायदे व्हावेत. १९७३ साली गर्भपाताला घटनात्मक हक्क मानणारा सुप्रीम कोर्टाचा रो विरुद्ध वेड निकाल आला, तेव्हाही अनेक इव्हँजेलिकल लोक हा कॅथलिकांचा विषय मानत होते.

आता आला माझा लाडका माणूस! १९७६ साली एक शेंगदाण्याचा शेतकरी उघडपणे "मी बॉर्न अगेन" म्हणत राष्ट्राध्यक्ष झाला. 'न्यूजवीक'नं त्या वर्षाला इव्हँजेलिकलांचं वर्ष म्हटलं. जिमी कार्टर डेमोक्रॅट होते, संडे स्कूलमध्ये शिकवणारे बॅप्टिस्ट! मी लेकाच्या मागे लागून त्यांचं गाव प्लेन्स बघून आले. रेल्वेचं ते चिमुकलं स्टेशन, जिथून त्यांनी प्रचार चालवला. रस्त्याकडेचा तेरा फुटी शेंगदाणा, कार्टरांसारखा दात काढून हसणारा. ज्या शाळेत ते शिकले तिथे आता संग्रहालय आहे. आणि ऐका, त्यांची आई, लिलियन कार्टर, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी पीस कोअर या सरकारी स्वयंसेवक योजनेत नाव नोंदवून नर्स म्हणून कुठे आली असेल? विक्रोळीला! आपल्या विक्रोळीला, गोदरेज कॉलनीत! १९६६ ते १९६८ ती तिथे होती. हे कळल्यावर मी विक्रोळीतल्या माझ्या वहिनीला अपरात्री फोन लावला, तिची झोपमोड झाली ती झाली.

आणि असा माणूस असताना, चारच वर्षांनी बहुतेक गोरे इव्हँजेलिकल रिपब्लिकन रीगनकडे गेले. घटस्फोटित, हॉलिवूडच्या नटाकडे! मधे काय घडलं? १९७९ साली व्हर्जिनियातल्या लिंचबर्गचे पास्टर जेरी फॉलवेल यांनी मॉरल मेजॉरिटी ही राजकीय संघटना उभी केली. त्याच वर्षी इव्हँजेलिकल विचारवंत फ्रान्सिस शेफर आणि सर्जन सी. एव्हरेट कूप यांनी गर्भपाताविरुद्धची फिल्ममालिका आणि पुस्तक घेऊन ठिकठिकाणी दौरा केला. इतिहासकार रँडल बामर तर म्हणतात की पहिली ठिणगी गर्भपाताची नव्हतीच. वर्णभेद करणाऱ्या खाजगी ख्रिस्ती शाळांची करसवलत सरकार काढून घेऊ लागलं, त्यानं हे नेते खवळले. सगळे अभ्यासक हे मानत नाहीत, पण अशाच बॉब जोन्स युनिव्हर्सिटीच्या करसवलतीचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९८३ साली त्याचा निकाल लागला, हे तर कागदोपत्री आहे. १९८०च्या ऑगस्टमध्ये डॅलसला हजारो पास्टरांपुढे रीगन म्हणाले, तुम्ही मला पाठिंबा देऊ शकत नाही हे मला ठाऊक आहे, पण मी तुम्हाला पाठिंबा देतो. काय वाक्य! आणि त्याच साली सदर्न बॅप्टिस्टांनी गर्भपाताविरुद्ध कडक ठराव केला. नऊ वर्षांत प्रश्न या ढिगातून त्या ढिगात!

एवढं कळल्यावर ट्रम्प यांचं कोडं सुटायला लागलं. शेजारीण त्यांना संत वगैरे मुळीच मानत नाही. ती म्हणते, "मी पास्टर निवडत नाहीये." २०१६च्या मे महिन्यात ट्रम्प यांनी सुप्रीम कोर्टासाठी आपण कोणाकोणाचा विचार करू याची यादीच जाहीर केली, आणि २०२२च्या जूनमध्ये, त्यांनी नेमलेल्या तीन न्यायमूर्तींच्या मतांसह, रो निकाल रद्द झाला. तिच्या दृष्टीनं हिशेब चोख आहे. काहींनी तर बायबलमधलाच दाखला काढला: यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात देव कोरेश राजाला, म्हणजे यहुदी नसलेल्या इराणी सम्राटाला, आपल्या कामासाठी निवडतो. अध्याय पंचेचाळिसावा आणि ट्रम्पही पंचेचाळिसावे राष्ट्राध्यक्ष! हा योगायोग सांगताना लोकांचे डोळे कसे चमकतात ते बघायला हवं. पण याची किंमतही आकड्यांत दिसते. खाजगी आयुष्यात अनैतिक वागणारा नेता सार्वजनिक कामात नीतीनं वागू शकतो का? पीआरआरआय या संस्थेच्या पाहणीत २०११ साली गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी ३० टक्के लोक 'हो' म्हणाले होते. २०१६च्या ऑक्टोबरात ७२ टक्के! म्हणजे चारित्र्याचा प्रश्नही दुसऱ्या ढिगात गेला. सगळ्यांचा नाही हं. प्रसिद्ध धर्मप्रचारक बिली ग्रॅहम यांनी स्थापन केलेल्या 'ख्रिश्चॅनिटी टुडे' मासिकानं २०१९च्या डिसेंबरात ट्रम्प यांना पदावरून हटवावं असा संपादकीय लेख लिहिला आणि एकच गदारोळ उडाला.

आणि मग एका रविवारी मी कृष्णवर्णीयांच्या चर्चला गेले. तेच बायबल, तोच येशू, तेच नव्यानं जन्मणं, उलट गाणी चौपट जोरदार! उपासना संपली आणि बाहेर बस उभी. सुंदर हॅट घातलेल्या आज्या एकमेकींना हात देत बसमध्ये चढल्या आणि थेट लवकर मतदानाच्या केंद्रावर गेल्या. याला म्हणतात 'सोल्स टू द पोल्स'. इथे पहिल्या ढिगात काय आहे? मतदानाचा हक्क, गरिबांचा दवाखाना, तुरुंगातली माणसं. बायबलच्या निर्गम पुस्तकातली गुलामांची सुटका आणि मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातले भुकेले, उघडे, आजारी लोक. २०२० साली कृष्णवर्णीय प्रोटेस्टंटांपैकी दहांतल्या नऊ जणांनी बायडन यांना मत दिलं. मार्टिन लूथर किंग यांच्या एबेनेझर चर्चचे पास्टर राफाएल वॉर्नॉक तर जॉर्जियाचे सिनेटर आहेत, डेमोक्रॅट. श्रद्धा तेवढीच कट्टर, पुस्तक तेच, फक्त निवडणारे हात वेगळ्या इतिहासातून आलेले. टीव्हीवरच्या त्या ८१ टक्क्यांआधी 'गोऱ्या' हा शब्द का लागतो, ते मला त्या बसपाशी कळलं.

अजून एक चकवा सांगू? कधीकधी बाण उलटाही सुटतो! २०१६ साली स्वतःला इव्हँजेलिकल न म्हणवणारे, पण ट्रम्प आवडणारे जे गोरे लोक होते, त्यातले १६ टक्के २०२० पर्यंत स्वतःला इव्हँजेलिकल म्हणवू लागले, असं प्यू रिसर्च या संस्थेला आढळलं. मत आधी, धर्माची ओळख मागून!

आणि सगळ्यात झकास म्हणजे हे निवडणं थांबलेलं नाही. २०२४च्या जूनमध्ये सदर्न बॅप्टिस्टांनी आयव्हीएफबद्दल, म्हणजे टेस्ट ट्यूब बाळाच्या उपचारांबद्दल, सावधगिरीचा ठराव केला, कारण त्यात भ्रूण नष्ट होतात. पुढच्याच महिन्यात रिपब्लिकन पक्षानं आपल्या जाहीरनाम्यात आयव्हीएफला पाठिंबा दिला आणि गर्भपाताच्या देशव्यापी बंदीची जुनी मागणी गाळून विषय राज्यांवर सोडला. तरी नोव्हेंबरात गोऱ्या इव्हँजेलिकलांची मतं पुन्हा दहांत आठच्या आसपासच राहिली! म्हणजे पक्ष देवाच्या ढिगातून एक प्रश्न अलगद उचलून बाजूला ठेवतोय, आणि चर्च दुसरा एक त्यात घालू बघतंय, दोन्ही एकाच वर्षी. यातलं कोण जिंकणार? शेजारणीला मी बजावून आलेय: पुढच्या निवडणुकीचा कागद आला की निकालाची वाट न बघता आधी त्याचा फोटो मला पाठव. कोण जिंकलं ते जगाला कळेलच, मला ओळी बघायच्या आहेत.