बाई, गणित सोडू का?

मुलांनो, दहावीचा निकाल लागला की माझ्या घरी जुने विद्यार्थी येतात. चौथीत माझ्यासमोर नाक पुसत बसलेली पोरं माझ्यापेक्षा उंच होऊन पेढे घेऊन उभी राहतात! यंदा एक मुलगी आली. पेढा हातावर ठेवला आणि म्हणाली, "बाई, सायन्सला जातेय. गणित सोडून भूगोल घेऊ का? सगळे म्हणतात, टक्के वाढतात."

पेढा तसाच माझ्या हातात राहिला. २००५ साली मीही हेच विचारलं होतं.

गणित माझा लाडका विषय. त्यातून भूमिती! प्रमेय सुटलं की वहीच्या समासात मी फूल काढायची. पण घरची परिस्थिती बेताची. वडील म्हणाले, "लवकर नोकरी लागेल असं काहीतरी शिक." त्या काळी त्याला उत्तर एकच, डी.एड. बारावीच्या टक्क्यांवर गुणवत्ता यादी लागायची आणि अर्ध्या टक्क्यासाठी रडणाऱ्या मुली मी पाहिल्यात. कॉलेजातल्या एका सरांनी सांगितलं, "गणितात सत्तर पडतील, भूगोलात ऐंशीच्या पुढे जाशील." हिशेब बरोबर होता. मी गणित सोडलं.

२००७ साली बारावी झाले, यादीत नाव लागलं. २०१० साली शिक्षणसेवक म्हणून रुजू झाले. माझ्या मानधनात धाकट्या भावाची फी भागली. म्हणजे माझा निर्णय चुकला असं मला म्हणता येत नाही. भूगोलावरही माझा राग नाही, बरं का! नकाशातल्या समोच्च रेषा पाहून डोंगर डोळ्यांसमोर उभा करायला मी तिथंच शिकले.

पण नोकरीत स्थिरावल्यावर वाटलं, आता गणित घेऊन बी.एस्सी. करावं. चौकशीला गेले. खिडकीतल्या माणसानं गुणपत्रिका पाहिली नि परत दिली. "बारावीला गणित नाही." एवढंच. शेवटी मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. आणि गंमत बघा, ज्या यादीसाठी मी गणित सोडलं, त्या अभ्यासक्रमाच्या (त्याला आता डी.एल.एड. म्हणतात) जागा अलीकडे कितीतरी ठिकाणी रिकाम्या राहतात.

तर मी त्या मुलीला विचारलं, "तुला व्हायचंय काय?"

"डॉक्टर. नाही जमलं तर कॉम्प्युटर इंजिनिअर."

"मग हे वाढलेले टक्के मोजणार कोण?"

ती गप्प. तुम्हीही हा प्रश्न स्वतःला विचारून बघा. माझ्या वेळी डी.एड.ला बारावीचे टक्के म्हणजेच सगळं होतं. आता डॉक्टर व्हायचं तर नीट परीक्षा. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून खुल्या गटाला ५० टक्के आणि राखीव गटाला ४० टक्के पुरतात. पुढचा क्रम नीटचाच. भूगोलाचे गुण तिथं कुणी बघत नाही. आय.आय.टी. नि एन.आय.टी.साठी जे.ई.ई. असते. तिथं बारावीला खुल्या गटाला ७५ टक्के लागतात किंवा आपल्या मंडळाच्या वरच्या २० टक्क्यांत यावं लागतं, पण गणिताशिवाय दारातच उभं करत नाहीत. आपल्या राज्यातल्या इंजिनिअरिंगला सी.ई.टी. आहे, तिथंही गणित हवंच.

"म्हणजे भूगोल घेण्यात काहीच फायदा नाही?" तिनं विचारलं.

आहे की! वेळ वाचतो. नीटच्या ७२० गुणांतले ३६० एकट्या जीवशास्त्राचे. त्यात आपली मराठी माध्यमाची मुलं. अकरावीला सगळं एकदम इंग्रजीत येतं नि पहिल्या चाचणीतच गुण धाडकन खाली येतात. अशा वेळी रोजचा दीड तास गणिताला देणं सोपं नाही. ज्याला डॉक्टरच व्हायचंय, त्यानं गणित सोडलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण हिचं 'नाही जमलं तर' गणितातूनच जात होतं!

तुमच्यातले जे आठवी-नववीत आहेत, त्यांना जरा मोकळीक आहे. दहावीला सहापैकी सर्वांत चांगल्या पाच विषयांचेच गुण टक्क्यांत धरतात. म्हणून संयुक्तऐवजी संपूर्ण संस्कृत घ्यावंसं वाटतं आणि भीतीही वाटते, अशांनी घेऊन बघायला हरकत नाही. एका विषयात गडगडलात तरी बेरीज सावरते. (नापास मात्र व्हायचं नाही हं!)

त्या मुलीला मी निर्णय दिला नाही. माझ्याकडचं अकरावीचं गणिताचं पुस्तक दिलं. हो, रात्री भांडी झाली की मी ते सोडवत बसते. म्हटलं, "पहिला धडा आठवडाभर कर, मग बोलू."

आठव्या दिवशी ती वही घेऊन आली. मी पाटीवर विचारतात तसं विचारलं, "चार वाजून वीस मिनिटं झाली, काट्यांमधला कोन किती?"

"शून्य. दोन्ही काटे चारवरच की!" मग थांबली. "नाही, नाही बाई. तासकाटा पुढे सरकला असेल ना वीस मिनिटांत." शून्य खोडून तिनं दहा अंश लिहिलं.

"आता रेडियनमध्ये सांग."

पेन्सिल चावत ती वहीवर वाकली. अर्ज भरायला अजून चार दिवस होते. मी चहा ठेवायला उठले.